तबकडी आणि चार नंबरची खुर्ची

"कोरा मोबाईल हवा!" लहरीमहाराज म्हणाले आणि प्रतीक्षागृहातली साठ-सत्तर माणसं आपापले खिसे चाचपू लागली.

"कोरा म्हणजे, ज्यावर आपल्या केंद्राचं पान एकदाही उघडलेलं नाही असा. निष्पाप मोबाईल. आहे का कुणाकडे?"

एका पेशंटच्या मेहुण्याचा मोबाईल निष्पाप निघाला. आमचं पान सोडून त्यावर आणखी काय काय उघडलं गेलं होतं ते तो मेहुणाच जाणे. महाराजांनी मोबाईल हातात घेतला, केंद्राचा पत्ता टाकला आणि गर्दीला म्हणाले, "मोजा!"

गर्दीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पडद्यावर आमच्या इमारतीचा फोटो पट्टीपट्टीने खाली सरकू लागला. चारपाशी संचालक मॅडमचं कपाळ दिसलं, सहापाशी नाक आणि आठपाशी उद्घाटनाच्या दिवशीचं हसू. नऊला पान पूर्ण उघडलं.

"नऊ! पाहिलंत? यंत्रालाही जीव असतो. त्याच्याही नाड्यांमध्ये मळ साचतो. आता तबकडीकडे लक्ष द्या." महाराजांनी पांढऱ्या कोटाच्या खिशातून एक पितळी तबकडी काढली. कोट अगदी डॉक्टरांसारखा होता, आणि तो योगायोग नव्हता. तबकडी त्यांनी मोबाईलच्या पाठीला लावली, डोळे मिटले, नाकातून एक लांब हुंकार काढला आणि पान बंद करून पुन्हा उघडलं.

गर्दीचं 'एक' म्हणून पूर्ण व्हायच्या आत इमारत, मॅडम, हसू, सगळं झटक्यात समोर हजर झालं.

लोकांच्या तोंडून मोठा उद्गार बाहेर पडला. कुणी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी हातातला फरशीचा फडका खांद्यावर टाकून हात जोडले. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. हा चमत्कार कसा झाला हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं, कारण तो मीच करून ठेवला होता. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून गप्प होतो.

त्या गप्प बसण्याची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला माझीच लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय सुटका नाही.

आमचं डायलिसिसचं केंद्र. वीस खुर्च्या आणि वीस यंत्रं. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत ती माणसं आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास खुर्चीत बसतात आणि त्यांचं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात जातं. केंद्राची वेबसाइट एका सर्व्हरवरून चालते आणि तो जिन्याखालच्या खोलीत असतो. त्याचं सगळं मी बघतो. सगळे मला 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात.

वेबसाइटवर पेशंटच्या पाळ्यांचं पान आहे, त्याला आम्ही 'पाटी' म्हणतो. पेशंट आला की सकाळची नर्स त्याच्या खुर्चीच्या नंबरापुढे हिरवी खूण करते, नाही आला तर लाल. मग दुपारी चार वाजता दुसऱ्या पाळीच्या सिस्टर आपल्या मोबाईलवर पाटी उघडतात आणि लाल खूण असेल त्याच्या घरी फोन करतात. 'चारचा फोन' चुकवायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. एक पाळी चुकली तर माणूस फुगतो, दोन चुकल्या तर जिवावर बेततं.

पण ही पाटी उघडायला वीस-वीस सेकंद लागायची. तीन वर्षं सगळे मला विचारत होते आणि तीन वर्षं मी एकच उत्तर देत होतो, "लाइन खराब आहे, मॅडम." मॅडमनी लाइन बदलली. मग म्हणालो, "मशीन जुनं झालंय."

खरं कारण असं होतं. सर्व्हर बसवला त्या दिवशी दोन गोष्टी चालू करायच्या राहिल्या होत्या. पहिली कॉम्प्रेशन. पानातला मजकूर पाठवण्याआधी सर्व्हरने तो दाबून लहान करायचा, गोधडीतली हवा काढून गाठोडं बांधतात तसा. दुसरी कॅशिंग. मोबाईलमधल्या ब्राउझरला सांगून ठेवायचं की बाबा रे, हा इमारतीचा फोटो काही रोज बदलत नाही, एकदा घेतलास की सात दिवस स्वतःजवळ ठेव, दरवेळी मागायला येऊ नकोस. दोन्हींच्या ओळी सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहिलेल्या होत्या. फक्त प्रत्येक ओळीपुढे एक खूण होती, जिच्यामुळे सर्व्हर ती ओळ वाचत नाही. ती खूण काढायची होती. 'नंतर बघू' म्हणालो आणि ते 'नंतर' तीन वर्षं आलं नाही.

शेवटी मॅडमचा भाऊ लहरीमहाराजांना घेऊन आला. तो सोमवार होता. महाराजांनी सर्व्हरवर एक मोठी तबकडी ठेवली आणि म्हणाले, "तिसऱ्या दिवशी गुण येईल." तिसऱ्या दिवशी आला नसता तर सहाव्या दिवशी, सहाव्याला नाही तर कुणाच्या तरी मनात शंका होती म्हणून आला नाही, अशी सगळी सोय त्यांनी करून ठेवली होती. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, परका माणूस येऊन धडपडतोय. तू काय करतोस रे दिवसभर?"

ते मला झोंबलं. बुधवारी दुपारी दार लावून बसलो आणि ओळींपुढच्या खुणा काढल्या. वीस मिनिटांचं काम. घाईत होतो, म्हणून कशाला किती दिवस जपायचं हा विचार केला नाही. एकच मुदत ठेवली, सगळ्यांना सारखी: सात दिवस. सर्व्हर पुन्हा चालू केला. पान फटाफट उघडू लागलं. मी स्वतःवर खूश होऊन बाहेर आलो, तर मॅडम जिन्यातून ओरडतच खाली येत होत्या.

"उघडलं! पाटी एका झटक्यात उघडली! तिसराच दिवस आहे आज!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तू तर काही केलं नाहीस ना?"

हो म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तीन वर्षं का नाही केलंस? मावशी तिथेच जिना पुसत होत्या. माझी बाजू नेहमी त्याच घ्यायच्या. "पोरगा मान मोडून काम करतो हो," असं परवाच मॅडमना म्हणाल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाही मॅडम," मी म्हणालो.

दोन शब्द. वेळ मारून नेली असं मला वाटलं.

गुरुवारी प्रतीक्षागृहात कोऱ्या मोबाईलचा तो खेळ झाला. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. कोऱ्या मोबाईलला पहिल्यांदा सगळे फोटो सर्व्हरकडून आणावे लागतात, म्हणून नऊ सेकंद. दुसऱ्यांदा ते मोबाईलमध्येच ठेवलेले असतात, म्हणून एक. मधे तबकडी लावा, बटाटा लावा, काही लावू नका. महाराजांना कॅशिंग हा शब्द माहीत असेल असं मला वाटत नाही. पण मोबाईल कोरा लागतो आणि तबकडी दुसऱ्या खेपेलाच बाहेर काढायची असते, एवढं ते अनुभवाने शिकले होते. लबाडीला तेवढं ज्ञान पुरतं.

मग महाराज मूळ मुद्द्यावर आले. "बंधुभगिनींनो, तार म्हणजे काय? नाडी! नाडी म्हणजे काय? तार! जी तबकडी लोखंडी यंत्राचा मळ काढते, ती हाडामांसाच्या यंत्राचा काढणार नाही?" आणि कोटाच्या दुसऱ्या खिशातून अंगावर बांधायच्या छोट्या तबकड्या निघाल्या. त्या घ्यायला झुंबड उडाली. मला वाटलं, घेतील बिचारे, पितळेने कुणाचं काय वाईट होणार आहे! असं स्वतःला समजावून मी जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसलो.

मावशींचे यजमान आमचे चार नंबरचे पेशंट. पूर्वी ते केंद्राची गाडी चालवायचे, म्हणून सगळे त्यांना 'ड्रायव्हरकाका' म्हणतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. जिभेने तिखट माणूस. चार तास खुर्चीत पडून नर्सच्या चालण्यापासून डॉक्टरांच्या गाडी लावण्यापर्यंत सगळ्यांच्या चुका काढायचे.

पुढच्या मंगळवारी, साडेतीनच्या सुमारास मावशी माझ्या खोलीत केर काढायला आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सांगू का तुला? तुझ्या काकांनी शुक्रवारी मशीन लावलं नाही. कालही नाही."

"म्हणजे?"

"तबकडी बांधलीय ना कमरेला! पाय जरा सुजलेत, दम लागतो. पण महाराज म्हणाले, मळ खाली उतरतोय. आज महाराज पुन्हा आलेत, त्यांना दाखवायलाच काकांना आणलंय, वर बसलेत."

"मावशी, सिस्टरांचा फोन नाही आला तुम्हाला?"

"नाही बाई, कुणाचाच नाही. म्हणजे सगळं ठीकच असणार, हो ना?"

मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. सिस्टर नुकत्याच येऊन टेबलाशी बसल्या होत्या. "सिस्टर, ड्रायव्हरकाका शुक्रवारी आले नाहीत, काल आले नाहीत. तुम्ही फोन केला नाहीत?"

"आले नाहीत कसे? हे काय." त्यांनी मोबाईलवर पाटी उघडली. क्षणात उघडली. चार नंबरपुढे हिरवी खूण होती. "शुक्रवारी पाहिली तेव्हा हिरवी, काल पाहिली तेव्हाही हिरवी. पाटी हल्ली किती छान उघडते!"

मी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असलेली तारीख पाहिली. गेल्या बुधवारची होती.

फोटोंना सात दिवस, अक्षरांच्या फॉन्टना सात दिवस, आणि पाटीलाही सात दिवस! जी गोष्ट तासातासाला बदलते तीसुद्धा मी मोबाईलला जपून ठेवायला सांगितली होती. सिस्टरांच्या मोबाईलने बुधवारी चार वाजता ती घेतली, आणि तेव्हापासून तो सर्व्हरला काही विचारतच नव्हता. सकाळच्या नर्सने शुक्रवारी लाल खूण केली होती, काल केली होती. ती जिन्याखाली सर्व्हरमध्ये पडून होती. काकांना आठवण करून देणारा एकमेव फोन मी बंद पाडला होता. तबकडीवर विश्वास बसावा अशी सोय मीच केली होती, आणि त्या विश्वासातून बाहेर काढणारी वाटही मीच बुजवली होती.

प्रतीक्षागृहात काका खुर्चीत बसले होते. चेहरा सुजलेला, पाय खांबासारखे, एक वाक्य बोलायला तीन श्वास लागत होते. डॉक्टर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून विनवत होते.

"काका, रक्तात पोटॅशियम चढलं असणार. हृदय कधीही थांबेल. आत चला, आत्ता यंत्र लावू."

"नको." काका धापा टाकत म्हणाले. "खालच्या यंत्राचा... मळ गेला... माझाही जातोय."

"मी डोळ्यांनी पाहिलंय हो, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "मी रोज ती खोली झाडते. तीन वर्षं ते मशीन रडत होतं. तबकडी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी धावायला लागलं. आपल्या या पोरालाच विचारा ना, यानेच सांगितलं, मी काही केलं नाही म्हणून!"

महाराज नवी गर्दी जमवून उभेच होते. त्यांनी हात वर केला. "माउलींची श्रद्धा पाहा!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडम दारात होत्या.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. आवाज इतका लहान निघाला की डॉक्टर म्हणाले, "काय?"

"मी खोटं बोललो, मावशी! बुधवारी मीच सर्व्हर दुरुस्त केला. वीस मिनिटांत. तीन वर्षांपूर्वीच करायला हवा होता, आळसाने केला नाही आणि खापर लाइनवर फोडलं. हे बाहेर पडेल म्हणून 'काही केलं नाही' म्हणालो. तबकडीचा काही संबंध नाही."

"शंकेच्या लहरी!" महाराज कडाडले. "याच्या मनातच मळ आहे!"

"असू दे. आज तेवढा क्रम उलटा करू. कोरा मोबाईल द्या कुणीतरी."

नव्याने आलेल्या एका पेशंटच्या मुलीने दिला. मी महाराजांच्या हातातली तबकडी घेऊन आधीच त्याच्या पाठीला लावली. "हुंकार द्या, महाराज. लांबलचक द्या. मोजा रे!"

एक, दोन, तीन. इमारत पट्टीपट्टीने उतरू लागली. मॅडमचं कपाळ, नाक, हसू. तबकडी चिकटलेली असतानाही नऊ सेकंद.

"आता ही तुमची तबकडी तुम्हाला परत. मावशी, तो फडका द्या." मी फरशीचा ओला फडका मोबाईलभोवती गुंडाळला, पान बंद करून पुन्हा उघडलं. एक. कुणीतरी फसकन हसलं.

"तबकडीच्या लहरी मोबाईलमध्ये राहिल्या होत्या," महाराज घाम पुसत म्हणाले.

"आणि पहिल्या खेपेला काय त्या झोपल्या होत्या?" डॉक्टर म्हणाले.

पण काका हसले नाहीत. त्यांच्या कमरेची तबकडीची दोरी तशीच घट्ट होती. वेळ जात होता. मी सिस्टरांचा मोबाईल मागून घेतला आणि काकांसमोर उकिडवा बसलो.

"काका, हे बघा. याचं इंटरनेट मी पूर्ण बंद केलं. आता हा कुणालाच काही विचारू शकत नाही. बरोबर?"

काकांनी मान हलवली. मी पाटी उघडली. क्षणात उघडली.

"कशी उघडली? कारण ही जुनी आहे. गेल्या बुधवारची. मोबाईलने खिशात जपून ठेवलेली. म्हणून तर इतकी वेगात येते. चार नंबरपुढे काय आहे?"

"हिरवी... खूण."

"म्हणजे हा चमत्कार सांगतोय की शुक्रवारी तुम्ही आला होतात. काल आला होतात. चार तास खुर्चीत बसून गेलात, तब्येत ठणठणीत. आला होतात का, काका?"

काका पडद्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायांकडे.

"नाही आलो," ते म्हणाले.

"माझ्या चुकीमुळे सिस्टरांना ते कळलं नाही. मावशी, तुम्ही ज्याला गुण म्हणालात ना, तो हा. काका घरी फुगत होते आणि हा हिरवी खूण दाखवत होता."

मावशींनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. काचेच्या दारापलीकडे चार नंबरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा हिरव्या खुणेकडे. मग खाली वाकून नवऱ्याच्या कमरेची दोरी सोडली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली.

"उठा हो," त्या म्हणाल्या. "उठा लवकर."

यंत्र लागलं तेव्हा सव्वाचार झाले होते. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला आणि मला एवढंच म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत टिकले नसते." मी खाली जाऊन पाटीपुढचे सात दिवस काढून टाकले. पाटी दरवेळी नव्याने विचारून घ्यायची, जपायचे ते फक्त फोटो. त्या ओळीला दोन मिनिटं लागली. बुधवारी ती दोन मिनिटं मी वाचवली होती. ज्या मोबाईलांनी जुनी पाटी आधीच जपून ठेवली होती त्यांना हे कळणार नव्हतं, म्हणून केंद्रातला प्रत्येक मोबाईल हातात घेऊन मी जुनं सगळं पुसलं. वर आलो तोवर लहरीमहाराज गर्दीसकट नाहीसे झाले होते. पांढरा कोट मात्र बाकावर राहिला होता.

मॅडमनी मला काढलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी पाटीवरची तारीख तळातून काढून माथ्यावर, बोटभर अक्षरांत घ्यायला लावली आणि सिस्टरांना सांगितलं की चारचा फोन करण्याआधी सकाळच्या नर्सला तोंडी विचारायचं.

काका वाचले. पण मावशी मला आता 'पोरगा' म्हणत नाहीत. एकदा केर काढून झाल्यावर दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "महाराज परका होता. त्याचं मला काही वाटत नाही. पण तुला तर सगळं ठाऊक होतं ना रे?" मी मान खाली घातली.

म्हणून वाचकहो, माझं एवढंच ऐका. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला क्रम उलटा करायला सांगा. तबकडी आधी लावायला सांगा, दुसऱ्याच्या हातात द्यायला सांगा, तिच्या जागी फडका लावून बघा. खरं असेल ते तपासाला घाबरत नाही. डॉक्टरांचा इलाज कुणाच्याही हुंकारावर सोडू नका. आणि तुमच्यापैकी ज्याला आतली गोष्ट ठाऊक असेल, त्याने कृपा करून गप्प बसू नका. बाबा लोकांना निम्मं भांडवल आपल्या भोळेपणातून मिळतं, उरलेलं माझ्यासारख्या जाणत्यांच्या गप्प बसण्यातून.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चार नंबरवरून हाक येते, "ए कॉम्प्युटरवाल्या! मी आज आलोय ना? बघून सांग!"

पाटी माझ्यासमोरच उघडी असते, अगदी ताजी. तरी मी उठतो, जिना चढतो आणि काचेच्या दारातून खुर्चीकडे बघून सांगतो, "आलात, काका."